मुलीच्या रिपोर्टमध्ये झेब्रा मासा कशाला?

छापखाना_कराड

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझी मुलगी साडेचार वर्षांची. तान्ही असल्यापासून उजेडात नेलं की डोळे घट्ट मिटायची. डोळे स्थिरही राहत नाहीत, सारखे डावीकडे-उजवीकडे हलतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशीनखाली बघून सांगितलं की बाहुलीभोवती जो रंगीत पडदा असतो तो जवळजवळ नाहीच, कडेला नुसती किनार आहे. ॲनिरिडिया म्हणतात म्हणे. जनुकीय तपासणी करून घ्या म्हणाले. रक्त दिलं, दीड महिन्याने नऊ पानांचा रिपोर्ट आला, सगळा इंग्रजी. मी बारावी सायन्सला गटांगळी खाऊन वडिलांच्या छापखान्यात बसलेला माणूस. पण प्रुफं वाचणं हाच धंदा, त्यामुळे अक्षर न् अक्षर वाचलं.

समजलं ते एवढं. पॅक्स-६ नावाच्या जनुकात एक अक्षर बदललंय, आणि त्यामुळे प्रथिनात एका जागी 'आर' असायला हवा तिथे दुसरंच काही आलंय. (जागेचा क्रमांक इथे टाकत नाही. पोर मोठी झाली की कुणाला सांगायचं ते तिचं ती ठरवेल.) खाली निष्कर्ष: 'अनिश्चित महत्त्वाचा बदल'. एवढे पैसे मोजून अनिश्चितच.

पुढे एक वाक्य आहे की ही जागा सगळ्या प्रजातींत 'कॉन्झर्व्हड', म्हणजे न बदलता जपलेली आहे. शेजारी तक्ता: माणूस, चिंपांझी, उंदीर, गाय, कोंबडी, बेडूक, झेब्रा मासा, फळमाशी. प्रत्येकापुढे आर, आर, आर, अशी उभी रांगच. त्याखाली तीन सॉफ्टवेअरची नावं आणि तिघांचंही मत 'घातक'.

माझा प्रश्न साधा आहे. माझ्या पोरीच्या डोळ्याशी माशाचा संबंध काय? आणि सात जीव साक्षीला उभे आहेत, तीन सॉफ्टवेअर घातक म्हणतायत, तरी निकाल अनिश्चित कसा? रिपोर्ट दिला त्या खिडकीवर विचारलं तर म्हणाले डॉक्टरांना विचारा, आणि डॉक्टर म्हणाले जेनेटिक्सवाल्यांना विचारा.

घरात 'हे कुणाच्या घराण्याकडून आलं' हा विषय रोज ताटावर असतो. आम्हा दोघांचे डोळे व्यवस्थित आहेत. बायको काही बोलत नाही, पण जेवण निम्म्यावर आलंय तिचं.


चहा_खारी

मासे आपले पूर्वज ना दादा, म्हणून घेतला असेल. मुलीला आशीर्वाद.


उभी_आडवी_अक्षरं

पूर्वज नाही हो, चुलतघराणं. आजचा मासा आपल्याइतकाच आजचा आहे. त्याचा आणि आपला मूळपुरुष एक, साधारण ४३ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथून दोन वाड्या झाल्या.

दादा, मी अकरा वर्षं हेच काम करते: वेगवेगळ्या जिवांचे जीनोम (म्हणजे त्यांचा सगळाच्या सगळा डीएनए) एकाखाली एक मांडायचे आणि काय बदललं नाही ते शोधायचं. मी डॉक्टर नाही. तेव्हा मुलीबद्दल नाही, फक्त तो तक्ता कसा वाचायचा ते सांगते.

त्यातली चिंपांझीची ओळ खोडली तरी चालेल. आपल्याला वेगळं होऊन ६०-७० लाख वर्षंच झाली. एवढ्यात बहुतेक अक्षरं सारखीच राहणार, कामाची असोत की बिनकामाची. उंदरापासून खरी सुरुवात होते, कारण तिथे सात ते नऊ कोटी वर्षांचं अंतर पडतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ, आणि पॅक्स-६ चं प्रथिन ४२२ अमिनो आम्लांचं आहे. माणसाचं आणि उंदराचं शेजारी ठेवा: ४२२ पैकी ४२२ सारखी. पण ज्या डीएनएवरून ते बनतं तो बघितला तर फरक सापडतात. कारण एकच अमिनो आम्ल लिहायच्या अनेक तऱ्हा असतात. तुमचा 'आर' म्हणजे आर्जिनिन, तो सहा तऱ्हांनी लिहिता येतो. म्हणजे या जनुकात अक्षरं बदलत होतीच. ज्या बदलांनी अर्थ तसाच राहिला ते टिकले, अर्थ बिघडवणारे पुढच्या पिढ्यांतून गळून गेले. (हे वाक्य एका बापाला लिहिताना हात अडखळतो. रानातल्या उंदरांबद्दल आहे ते. तुमच्या मुलीच्या पाठीशी चष्मा, डॉक्टर, शाळा आणि तुम्ही आहात.)

आता फळमाशी. पिकल्या केळ्यावर घोंगावते तीच. बिनडोळ्यांच्या माश्यांची एक जात १९१५ सालीच नोंदली गेली होती, तिच्या जनुकाला नावच 'आयलेस' पडलं. १९९४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत रिबेका क्विरिंग आणि सहकाऱ्यांनी ते जनुक वाचलं, तर निघालं पॅक्स-६! डीएनएला धरून बसणारा जो त्याचा भाग आहे तो माणसाशी ९४ टक्के जुळतो. माशीचा डोळा शेकडो भिंगांचा, आपला एका भिंगाचा. डोळ्यांत काही म्हणता काही साम्य नाही, तरी बांधकामाचा हुकूम देणारा मुकादम एकच. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने हे जनुक माशीच्या पायात, पंखात, डोक्यावरच्या मिशांत चालू केलं. तिथे डोळे उगवले. मग उंदराचं पॅक्स-६ माशीत घातलं, तरीही डोळे आले, आणि ते माशीचेच आले, उंदराचे नाही. हुकूम उंदराचा, गवंडी माशीचे. मी पहिल्यांदा तो फोटो बघितला तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवत होते, ताट तसंच राहिलं.

म्हणून तुमच्या तक्त्यात मासा आणि माशी. ५० कोटींहून जास्त वर्षं दोन्हीकडे कॉपी होत होत जर त्या एका जागी 'आर'च राहिला असेल, तर ती जागा काहीतरी नाजूक काम करते एवढं धरून चालायला हरकत नाही.

तक्ता योग्य जनुकाशी जुळवलाय ना, हेही बघावं लागतं. माणसात पॅक्सचे नऊ भाऊबंद आहेत, पॅक्स-१ ते पॅक्स-९. चेहरेपट्टी सारखी, कामं वेगळी. माशातलं पॅक्स-२ उचलून माणसाच्या पॅक्स-६ खाली ठेवलं तर तक्ता दिसेल झकास आणि असेल चुकीचा. आम्ही स्थळ बघताना करतात तशी दोन्हीकडून विचारणा करतो. माणसाचं जनुक घेऊन माशाच्या जीनोममध्ये सगळ्यात जवळचं शोधायचं, मग ते घेऊन परत माणसाकडे यायचं. परत येताना पहिल्याच दारात पोचलो तर ठीक. झेब्रा माशाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, त्याच्याकडे पॅक्स-६ च्या दोन प्रती आहेत, कारण हाडांच्या माशांच्या एका मोठ्या शाखेच्या पूर्वजात एकदा सगळा जीनोमच दुप्पट झाला होता. पॅक्स-६ इतकं नावाजलेलं आहे की तुमच्या रिपोर्टात ही चूक नसणार. पण मी एका कमी ओळखीच्या जनुकाच्या बाबतीत ती केली आहे आणि चार महिने घालवलेत, म्हणून सवयीने सांगते.

जाता जाता: झेब्रा मासा परदेशी नाही. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याची पहिली नोंद केली. निळे-रुपेरी आडवे पट्टे असतात. कराडात शोभेचे मासे विकणाऱ्याकडे नक्की मिळेल.


छापखाना_कराड

ताई, दोनदा वाचलं, एकदा बायकोला वाचून दाखवलं. माशीच्या पायावर डोळा हे ऐकून ती पंधरा दिवसांनी हसली.

मला कळलं ते माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर कान धरा. आमच्याकडे लग्नपत्रिका कुणी नव्याने लिहीत नाही. वडील खिळे जुळवायचे तेव्हाचा मजकूर संगणकावर कोरलमध्ये आला आणि गेल्या पत्रिकेची फाईल उघडून नावं बदलायची, असंच चाललंय. कॉपीवरून कॉपी. एकदा एका पोराने 'आगमन प्रार्थनीय' मधला रफार खाल्ला. 'प्राथनीय' होऊन चाळीसेक पत्रिका गेल्या, एका गिऱ्हाईकाने हूं की चूं केलं नाही. पण मुहूर्त १२ वाजून ३५ ऐवजी १ वाजून ३५ पडला, तर त्याच संध्याकाळी सहाशे पत्रिका गठ्ठ्यासकट परत आल्या, पदरच्या कागदावर छापून दिल्या. त्यामुळे उद्या कुणी आमच्या तीस वर्षांच्या पत्रिका एकाखाली एक मांडल्या तर त्याला रफार गेलेले दिसतील, वेलबुट्टी बदललेली दिसेल, पण चुकलेला मुहूर्त सापडणार नाही. तो परत येऊन रद्दीत गेलेला असेल. बरोबर?


उभी_आडवी_अक्षरं

दादा, पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना मी हेच सांगणार आहे, रॉयल्टी मागू नका.

पण यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लपलंय. ते 'प्राथनीय' बघा. चाळीस पत्रिकांत तसंच राहिलं ना? फक्त त्या चाळीसच हातात असलेला माणूस म्हणेल, वा, हा शब्द अगदी जपलेला आहे! तो जपलेला नाही, त्याला कुणी हातच लावला नाही. म्हणून लांबच्या छापखान्यातल्या पत्रिका लागतात. मासा आणि माशी म्हणजे ते लांबचे छापखाने.

दुसरं. पत्रिकेत नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' शोभतं. तेच नवऱ्याच्या नावाआधी पडलं तर? अक्षरं तीच, एकही चूक नाही, तरी घरात हसं. जनुकांतही असं होतं. आल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनात ५३ व्या जागी माणसात ॲलानिन नावाचं अमिनो आम्ल असतं. तिथे थ्रिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की पार्किन्सन्स (कंपवात) होतो, १९९७ मध्ये इटली-ग्रीसच्या घराण्यांत सापडलेला बदल आहे हा. आणि उंदरात त्या जागी मुळातच थ्रिओनिन असतं. उंदीर ठणठणीत. म्हणजे दुसऱ्या प्राण्यात चालतंय म्हणून माणसात चालेल असं नाही. आणि उलट, सगळ्या प्राण्यांत एकच अक्षर आहे म्हणून ते बदललं की आजार होणारच, असंही छातीठोक सांगता येत नाही.

त्या उलट्या बाजूने आमच्याच क्षेत्राचं नाक कापलं गेलंय. २००४ मध्ये माणूस, उंदीर आणि प्रयोगशाळेतला मोठा उंदीर म्हणजे रॅट, तिघांचे जीनोम जुळवले तेव्हा २०० अक्षरांहून लांब असे ४८१ तुकडे सापडले, एकाही अक्षराचा फरक नसलेले. सगळ्यांना वाटलं यांना हात लावला की जीव जगणार नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी त्यातले चार तुकडे एकेक करून उंदरांतून उडवले. उंदीर जन्मले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली. २०१८ मध्ये तशाच आणखी काही तुकड्यांवर काम झालं, तेव्हा मेंदूच्या बांधणीत बारीक बिघाड दिसले. म्हणजे तुकडे फुकट नाहीत. पण पिंजऱ्यात, आयतं खाऊन, वर्ष-दोन वर्षं जगणाऱ्या उंदराला पडलेला फरक डोळ्याला दिसत नाही. कोट्यवधी वर्षांच्या चाळणीला तो दिसतो. जपलेलं असणं म्हणजे 'इथे काहीतरी आहे'. 'हे बिघडलं की अमुक आजार' हे त्यात लिहिलेलं नसतं.

आणि ती तीन सॉफ्टवेअर. तुम्ही त्यांना तीन साक्षीदार धरताय. ती बऱ्याच अंशी त्याच तक्त्यावर बेतलेली असतात. कुणी प्रथिनाचा आकारही विचारात घेतं, कुणी नाही, पण पाया तोच, प्रजातींची तुलना. तेव्हा आठ ओळींचा तक्ता आणि तीन 'घातक' मिळून चार पुरावे होत नाहीत. एकाच माणसाने चार ठिकाणी केलेल्या सह्या आहेत त्या.


समुपदेशन_ओपीडी

मी जेनेटिक काउन्सेलर आहे. ताईंनी शेवटी लिहिलंय तोच आमचा नियम आहे. २०१५ च्या ज्या अमेरिकन निकषांवर आपल्याकडच्या लॅबही बदलांचं वर्गीकरण करतात, त्यात संगणकी अंदाज सगळे मिळून एकच पुरावा धरतात, तोही सगळ्यात हलक्या पायरीचा. तेवढ्यावर कुणी 'रोगकारक' लिहीत नाही. 'अनिश्चित' याचा अर्थ लॅबने हात झटकले असा घेऊ नका, उलट त्यांनी जपून लिहिलंय.

तुम्हाला पुढची पायरी कुणी सांगितलेली दिसत नाही, ती अशी. तुमच्या दोघांच्या रक्तात फक्त ती एकच जागा तपासायची. पुन्हा नऊ पानी तपासणी लागत नाही, खर्च बराच कमी येतो. दोघांतही बदल नसेल, तर तो मुलीत नव्याने झालेला आहे. ज्या जनुकामुळे नेमका हाच आजार होतो त्यातच नवा बदल, हा त्या तक्त्यापेक्षा कितीतरी वजनदार पुरावा. लॅबला लेखी कळवलं तर ते वर्गवारी पुन्हा तपासतात. बदल तुमच्यापैकी एकात निघाला तर त्या व्यक्तीचे डोळे स्लिट लॅम्पखाली (डोळ्यांच्या डॉक्टरांचं तपासणीचं मशीन) नीट बघून घ्यायचे. कधी कधी खुणा इतक्या सौम्य असतात की आयुष्यभर लक्षात येत नाहीत. तेव्हा 'आमचे डोळे व्यवस्थित' हे वाक्य तपासणीनंतर म्हणा.

घराण्याचा विषय. ॲनिरिडियाच्या साधारण एक तृतीयांश मुलांत आई-वडिलांपैकी कुणालाही तो नसतो. बदल बीजात होतो, कॉपी करताना, छापखान्यात होतो तसाच. कुणाच्या खाण्यापिण्याने, वागण्याने, ग्रहणाने नाही. हे घरच्यांसमोर मोठ्याने वाचा.

एक गोष्ट मात्र टाळू नका. पॅक्स-६ च्या शेजारीच, अकराव्या गुणसूत्रावर, डब्ल्यूटी-१ नावाचं जनुक आहे. काही मुलांत तो सगळा तुकडाच गळालेला असतो आणि त्यांना मूत्रपिंडाच्या गाठीचा धोका असतो. तुमच्या मुलीत एका अक्षराचा बदल सापडलाय, त्यामुळे ही शक्यता बरीच मागे पडते. पण तो बदल अजून अनिश्चित आहे, म्हणून तुकडा गळालेला नाही हे तपासलं का, असं रिपोर्टवरच्या डॉक्टरांना थेट विचारा. तसं स्पष्ट होईपर्यंत पोटाची सोनोग्राफी कधी आणि किती वेळा, हे मुलांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घाबरवत नाही, प्रश्न हातात देतेय.


गॉगल_बत्तीस_वर्षं

मला स्वतःला ॲनिरिडिया आहे. वय बत्तीस, बँकेत आहे. विज्ञानातलं मला कळत नाही, पण मुलीसाठी: पुढे झुपका असलेली टोपी, गडद काचा, आणि वर्गात खिडकीकडे पाठ येईल अशी जागा. पहिल्या बाकावर बसवतात आणि नेमका खिडकीचा उजेड तोंडावर येतो, हे माझं पाचवीपर्यंत झालं. डोळ्याचं प्रेशर दर भेटीत तपासायला सांगा, आमच्यात काचबिंदू लवकर येतो. तिला 'डोळे मिचकावू नको' असं कुणाला म्हणू देऊ नका.


उभी_आडवी_अक्षरं

वरच्या प्रतिसादाला माझे शंभर तक्ते कुर्बान.

मघाशी चहा_खारी यांना घाईत उत्तर दिलं म्हणून थोडी भर. सजीवांतलं हे जपणं प्राण्यांपुरतंही नाही. डीएनए ज्या रिळांभोवती गुंडाळतात त्यातलं हिस्टोन एच-४ हे प्रथिन १०२ अमिनो आम्लांचं. मटार आणि गाय यांच्यात त्यातली दोनच वेगळी. १९६९ चं काम आहे, तेव्हा जीनोम वाचायची सोयही नव्हती, प्रथिनच एकेक मणी सोडवून वाचलं होतं. आणि उलटं उदाहरण हवं असेल तर क जीवनसत्त्व बनवणारं जनुक. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते चालू असतं, आपल्यात मोडलेलं. आपल्या पूर्वजांना फळं मिळत होती, मोडलं तरी गिऱ्हाईक परत आलं नाही.


चहा_खारी

म्हणजे लिंबू सरबत हा त्या मोडक्या जनुकावरचा उतारा. घ्या.


छापखाना_कराड

सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, काय केलं ते सांगतो.

सोमवारी रिपोर्ट घेऊन गेलो. तुकडा गळालाय का तपासलं का, हा प्रश्न वहीत लिहून नेला होता तसाच विचारला. डॉक्टर दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच लॅबला फोन लावला. तपासलंय, गळालेला नाही, पण रिपोर्टात तसं वाक्य नव्हतं; सुधारित प्रत पाठवणार आहेत. लेखी हातात येईपर्यंत एक सोनोग्राफी करून घ्या म्हणाले, ती काल केली, ठीक आहे. आम्हा दोघांचं रक्तही दिलं. तीन-चार आठवडे लागतील. बायकोने समुपदेशनवाल्या ताईंचा घराण्याचा परिच्छेद आईसमोर वाचला. आई म्हणाली, मी कुठे काय म्हणत होते.

येताना बसस्टँडजवळच्या दुकानात थांबलो. झेब्रा जोडीने मिळतो, चार घेतले. पोर काचेला नाक लावून बसते, तेवढ्या जवळून तिला पट्टे दिसतात. तिने मोजले, पाच म्हणाली. मी मोजले तर मला चारच सापडतायत. उजेड कमी करून परत मोजतो.

रिपोर्ट आला की इथेच लिहीन.